बिशप जिवंत आहे

इन्व्हरमे, लॉन्सेस्टन
१० जून

कोरल,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, ते मला दिसतं, पण उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पत्र निदान केर्न्सला तुझ्या दारात जाऊन पडेल. न उघडता टाकायचं म्हटलंस तरी हातात तर घ्यावं लागेल.

तुला माहीत नसेल ते आधी सांगते. बिशप जिवंत आहे.

मी शनिवारी बोटीवरची पाळी संपवून उतरले आणि डेव्हनपोर्ट बंदरातून थेट आईच्या घरी आले. घर गारठलेलं, पडदे ओढलेले आणि स्वयंपाकघरातला गिनीपिगचा पिंजरा जागेवर नाही. मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, वृद्धाश्रमवाल्यांनी आईबरोबर त्यालाही येऊ दिलेलं दिसतंय. तेवढ्यात कुंपणापलीकडून लेसनं हाक मारली.

"ग्लेनिस, तुमचा पाद्री माझ्याकडे आहे."

लेस म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "कोरल म्हणाली, एक-दोन दिवसांचा सोबती आहे, शेडमध्ये ठेवलाय, गेला की पुरून टाका. मी रोज फावडं घेऊन जायचो. पण तो जाईचना गं. मग मलाच लाज वाटली. घरात आणला आणि टीव्हीसमोर ठेवला."

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, शेडमध्ये, कोरल. सकाळी गवतावर पांढरं दहिवर असतं इथे, विसरलीस का? तिकडे आंबे पिकतात म्हणून इकडचा हिवाळा संपत नाही.

तो लेसच्या मांडीवर नाक वर करून बसला होता, पाण्यात बुडणाऱ्यानं तोंड वर धरावं तसा. कुशी भात्यासारख्या हलत होत्या. प्रत्येक श्वासाला आतून किटकिट आवाज. नाकपुड्यांवर खपली धरलेली, डोळे चिकटलेले. पाद्र्याच्या कॉलरसारख्या ज्या पांढऱ्या पट्ट्यावरून आईनं त्या काळ्या जनावराला बिशप म्हटलं, तो गळ्याचा पट्टा पिवळा पडलेला. मी त्याला स्वेटरमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर टेगन नावाची तरुण बाई आहे. तिनं छातीला नळी लावली आणि म्हणाली, "न्यूमोनिया आहे. तो खात नाहीये, ते त्याहून वाईट. या प्राण्यांचं पोट थांबलं की सगळंच थांबतं." औषध दिलं, पातळ खाणं सिरिंजनं भरवायला शिकवलं. जगेल का विचारलं तर म्हणाली, आठवडाभर मला विचारू नका.

काल आईला भेटून आले. तू म्हणालीस ती आनंदानं गेली. मला तसं दिसलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी गालाचा मुका घेतला तर मान हलली नाही. तासभर मीच बोलत होते, बोटीवरच्या गोष्टी, हवा, काहीबाही. उठताना म्हणाली, "बटणं लाव. बाहेर गार आहे." बस, तेवढंच. मी तिला बिशपचं काही सांगितलं नाही. आजारी आहे म्हटलं असतं तर तिचं काळीज उडालं असतं.

ती पडली तेव्हा तू धावून आलीस, हॉस्पिटल, कागदपत्रं सगळं केलंस. मी येते म्हटलं तर म्हणालीस, "तू कशाला नोकरी घालवतेस, मी आहे ना." मला त्या वेळी सुटल्यासारखं झालं, हे खोटं कशाला बोलू. पण तू आईला नेमकं काय म्हणालीस, की जिनं जिवंतपणी घर सोडणार नाही असं शंभरदा सांगितलं, ती मुकाट्यानं गाडीत बसली?

फोन कर.

ग्लेनिस

१९ जून

कोरल,

पत्र पोचलं म्हणायचं, कारण तुझा मेसेज आला. "त्याला शांतपणे जाऊ दे. हाल करू नकोस. आणि आईला काही सांगू नकोस, तिथे प्राणी चालत नाहीत, उगाच हळवी होईल." आईबद्दल एक ओळ नाही. ती जेवते का, झोपते का, काही नाही. सगळी काळजी त्या गिनीपिगच्या मरणाची. मला ते वाचून विचित्र वाटलं, पण अर्थ लागला नाही. मी तशी मठ्ठच.

तर ऐक, त्याचे हाल कसे चाललेत ते.

सकाळ-संध्याकाळ औषध. गोडसर वासाचं आहे, पण त्याला ते विष वाटतं. टॉवेलात गुंडाळायचं, छातीशी उभं धरायचं, दातांमागच्या फटीतून सिरिंज आत सारायची आणि थेंबाथेंबानं द्यायचं. घाई केली तर औषध फुप्फुसात जातं. मग सुक्या गवताच्या भुकटीचा लगदा, दर तीन तासांनी. पहिल्या दिवशी त्यानं सगळा माझ्या चष्म्यावर फवारला. नाक कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायचं. मग लेसच्या दिवंगत बायकोचा नेब्युलायझर. तिला दमा होता, तुला आठवत असेल. बिशपला प्लास्टिकच्या खोक्यात बसवायचं आणि वाफ आत सोडायची. तो आत ढगात बसल्यासारखा दिसतो. लेस म्हणतो, "बघ, नावाला शोभतं."

लेसनं परवा आणखी एक उपकार करायचं ठरवलं. घसा धरला होता तेव्हाच्या स्वतःच्या उरलेल्या गोळ्या घेऊन आला. "अर्धी कुटून देऊ. माणसाला लागू पडते तर याला काय धाड भरलीय?" मी फोन करून टेगनला विचारलं. ती फोनवर किंचाळलीच जवळजवळ. पेनिसिलिनच्या जातीचं औषध गिनीपिगला मारून टाकतं म्हणे. बिचाऱ्या लेसनं गोळ्या खिशात घातल्या. मग म्हणाला, "म्हणजे फावड्यापेक्षा मीच जास्त धोक्याचा."

दुसरं एक टेगननं सांगितलं ते आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तिनं विचारलं, घरात लाकडाचा हीटर आहे का? पिंजरा कुठे असतो? मी सांगितलं, हीटरला लागूनच, म्हणजे तो गारठत नाही. ती म्हणाली, या खोऱ्यात हिवाळाभर धूर बसून राहतो, त्यात हा सगळ्यात जवळ. इतकी वर्षं आई पहाटे उठून त्याच्यासाठी आधी हीटर पेटवायची. मी आता तो बंद ठेवलाय. विजेचा छोटा हीटर आणलाय आणि मी कोट घालून झोपते.

कालपासून तो स्वतःहून ढोबळ्या मिरचीची साल चघळतोय. श्वासाचा आवाज मात्र तसाच आहे.

आता दोन गोष्टी विचारायच्यात.

सोमवारी मी त्याचं नाक पुसत होते आणि बेल वाजली. दारात सूट घातलेला मुलगा, गळ्यात कॅमेरा. "घराचे फोटो काढायचेत. मालकीणबाईंच्या मुलीनं सांगितलंय." मी म्हटलं, मालकीणबाईंची मुलगी मीच. तो गोंधळला. फोनमध्ये बघून म्हणाला, "कोरल मॅडम?" मी एका हातात गिनीपिग आणि दुसऱ्या हातात सिरिंज घेऊन त्याला सांगितलं, मॅडमना म्हणावं, घरात अजून माणसं राहतात. गेला बिचारा. तू मला शपथेवर म्हणाली होतीस की घराला वर्षभर हात लावायचा नाही, आईला परत यावंसं वाटलं तर असू दे.

दुसरी गोष्ट. आईच्या मजल्यावर बिमला नावाची नेपाळी बाई काम करते. आई तिच्याशी बोलते, माझ्याशी नाही. काल बिमलाच्या पायात एक गलेलठ्ठ मांजर घुटमळत होतं. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "तेरा नंबरच्या आजीचं. इथे दोन बजरीगार पोपटही आहेत. गुरुवारी एक ग्रेहाउंड कुत्रा येतो, त्याला बिस्किटं देऊन देऊन सगळ्यांनी लठ्ठ केलंय."

प्राणी चालत नाहीत असं तुला कोणी सांगितलं, कोरल?

ग्लेनिस

२४ जून

कोरल,

आता कळलं.

क्रमानं सांगते. रविवारी सकाळी बिशपनं तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली. ओठ निळसर झाले. टेगननं सुट्टी असून दवाखाना उघडला आणि त्याला प्राणवायूच्या पेटीत ठेवलं. "इथे ठेवून जा," म्हणाली. "घरी नेलंत तर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. इथेही सांगता येत नाही." मला घरी रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसवेना, म्हणून आईकडे गेले.

ती बागेच्या बाकावर होती, गुडघ्यांवर पांघरूण. मी शेजारी बसले. मग समोर बघतच तिनं विचारलं,

"कुठे पुरलंस त्याला?"

"कुणाला?"

"वेड पांघरू नकोस, ग्लेनिस. हॉस्पिटलात कोरलनं सगळं सांगितलं मला. तिला सांगायचं नव्हतं, मीच खोदून विचारलं. तू बोटीवरून फोन केलास. म्हणालीस, उंदराएवढ्या जनावरापायी कोण धावपळ करणार, इंजेक्शन देऊन संपवा. ती पोर रडत होती सांगताना."

तू रडतही होतीस.

आई म्हणाली, "मला विचारायचंस तरी. मी घरी येणार होते गं. त्याच्यासाठीच येणार होते. पाय मोडला नव्हता माझा. मग कोरल म्हणाली, आता रिकाम्या घरात कुणासाठी जायचं? मला वाटलं, खरंच, कुणासाठी?"

आणि मी गप्प बसले.

तुला वाटेल, मी का नाही ओरडले, का नाही म्हणाले की तो जिवंत आहे. सांगते. त्या क्षणी तो जिवंत होता की नाही हे मलाच माहीत नव्हतं. फोन खिशात होता आणि तो कधीही वाजणार होता. आईनं त्याला मनातून एकदा मातीत घातलं होतं. मी त्याला वर काढायचं आणि संध्याकाळी पुन्हा मेला म्हणून सांगायचं? तेवढं काळीज माझ्याकडे नाही. मी पांघरूण तिच्या गुडघ्यांवर नीट केलं. तिनं माझा हात बाजूला सारला. माझं गप्प बसणं तिनं कबुली समजलं, आणि दुसरं काय समजणार.

शाळेसमोर 'थांबा' लिहिलेली पाटी धरून बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या पोरांना रस्ता ओलांडून दिला. निवृत्तीला शाळेनं घड्याळ दिलं आणि सुट्टीत कोणी सांभाळायला तयार नसलेलं वर्गातलं पिल्लू. घड्याळ तिनं तुला दिलं. पिल्लाला पाच वर्षं ओंजळीत वाढवलं. तुला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तुला कळलं, कुठे घाव घालायचा.

पण त्याच्यासाठी माझा हात कशाला वापरलास?

ग्लेनिस

२५ जून

आजही लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. जे लिहिलं ते पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं. एवढंच कळवते, टेगनचा फोन आला. रात्र निघाली. पेटीतच आहे.

मी बोटीवर कळवून रजा वाढवली. मुकादम म्हणाला, "घरात कोण आजारी आहे?" मी म्हटलं, बिशप. तो म्हणाला, "अरे बाप रे, तुम्ही एवढे धार्मिक आहात माहीत नव्हतं." मी बऱ्याच दिवसांनी हसले आणि हसता हसता रडूच फुटलं. माझ्याबरोबर काम करणारी भटारखान्यातली मुलं फोनवर ऐकत होती.

ग्ले.

३ जुलै

कोरल,

आईचा तुला फोन झाला तेव्हा मी खोलीत होते. फोन मांडीवर होता आणि आवाज मोठा केलेला होता. म्हणजे तू जे बोललीस ते मी ऐकलंय. पण आधीचं सांगते, कारण आईनं ते तुला सांगितलं नाही.

बिशप शनिवारी घरी आला. किटकिट अजून आहे, टेगन म्हणते ती थोडीशी कायमची राहील, फुप्फुसाचा एक कोपरा गेला. पण आता तो खातो. फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी मारतो, पूर्वीसारखी लांब नाही, मध्येच तुटते, पण मारतो. टेगननं सांगितलं, न्यायला हरकत नाही, गार वाऱ्यात धरू नका. मी बिमलाला विचारलं. ती म्हणाली, "विचारता काय, आणा." मी त्याला पिशवीत, गरम पाण्याच्या बाटलीशेजारी टॉवेलात ठेवलं.

आई पलंगावर बसली होती. पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि टॉवेल बाजूला केला.

तिनं आधी पाहिलंच नाही. मग पाहिलं. मग पुष्कळ वेळ नुसती पाहत राहिली. त्यानं नाक हलवलं. तिनं एक बोट पुढे केलं आणि गळ्याच्या पट्ट्यावरून फिरवलं. बोट त्याच्या डाव्या कानाशी नेलं, जिथं पिल्लू असताना तो कापला गेला होता. खात्री करून घेत होती. मी तुझ्यासारखीच आणखी काही बनवाबनवी करतेय असं वाटलं असेल तिला, एखादा दुसरा काळा आणून.

मग म्हणाली, "मग मी इथे कशाला आहे?"

रडली नाही, आवाज चढवला नाही. रस्ता चुकलेलं माणूस विचारतं तसं विचारलं. बिमला दारात होती, ती आत न येता तशीच मागे गेली.

मी सगळं सांगितलं. शेड, लेसचं फावडं, न्यूमोनिया, पेटी. मी बोटीवरून तसला फोन कधी केलाच नव्हता, हेही. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळेल. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं वाटून घेऊ नये, पण वाटलं. जवळ घेईल, चुकलं म्हणेल.

ती माझ्यावर चिडली. "रविवारी तू इथे बसली होतीस बागेत. तेव्हा का नाही बोललीस? आठवडाभर मला रडवलंस."

"आई, तो मरत होता गं तेव्हा."

"मग मी जवळ असायला नको होते?"

मी बिशपला टॉवेलासकट उचलून घेतलं.

आणि मग तिनं तुला फोन लावला. मी मनात म्हटलं, आता ऐकेल कोरल. बिशप माझ्या हातात होता, त्याची धडधड माझ्या तळव्याला लागत होती. आई म्हणाली, "कोरल, बाळा, बिशप जिवंत आहे बरं का. तुझं काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल."

आणि तू म्हणालीस, "अगं बाई. हो आई, लाइन फार खराब होती त्या दिवशी."

"मला वाटलंच," आई म्हणाली. "जेवलीस का?"

तीन आठवडे तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तुला एका वाक्यात सोडलं आणि जेवणाचं विचारलं. मी तिथे उभी होते, कोरल. ती म्हातारी आहे, भोळी नाही. तिला सगळं कळलंय. कुठली लेक गमावणं परवडेल हे तिनं ठरवलं. जवळची तर कुठे जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

ग्लेनिस

२८ जुलै

कोरल,

माझं पत्र पोचल्यावर शेवटी तू मला फोन केलास, तेव्हा तू बोलत होतीस आणि मी ऐकत होते. मला फोनवर भांडता येत नाही, शब्द नंतर सुचतात. म्हणून उत्तर लिहून देते. हे शेवटचं.

तू म्हणालीस, "तू दोन-दोन आठवडे समुद्रावर असतेस. ती पडली तेव्हा चार तास न्हाणीघराच्या फरशीवर होती. लेसला पेपर उचलला नाही म्हणून संशय आला, नाहीतर आपण तिला पुरलं असतं. मी इतक्या लांब, रोज फोन लावते आणि तिनं उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि ती म्हणते, गिनीपिगला कोण बघणार म्हणून मी घर सोडत नाही. मी काय करायचं होतं?"

हे सगळं खरं आहे. त्या चार तासांचं मला अजून स्वप्न पडतं. तू मला नुसतं म्हणाली असतीस, ग्लेनिस, मला भीती वाटते, तर मी बोट सोडून आले असते. कदाचित मीही म्हणाले असते की वृद्धाश्रमच बरा. आपण दोघी आईसमोर बसलो असतो, तिनं आपल्याला शिव्या घातल्या असत्या.

मग मी विचारलं, माझं नाव का घेतलंस? तू म्हणालीस, "कोणीतरी वाईट व्हायला हवं होतं. मी वाईट झाले असते तर ती माझ्या गाडीत बसलीच नसती. आणि तुझ्यावर ती कितीही चिडली तरी तू येत राहशील, हे मला माहीत होतं."

म्हणजे आईचा हिशोब आणि तुझा हिशोब एकच निघाला. मी येत राहीन. तुम्ही दोघींनी हे न बोलता ठरवून टाकलंय आणि बरोबर ठरवलंय, त्याचाच मला सगळ्यात राग आहे.

आता घडलं ते कळवते. आई आठवड्यापूर्वी घरी आली. तिनं स्वतः वकिलाला बोलावून तिच्या वतीनं सह्या करायचा अधिकार काढून घेतला. तुझ्याकडून काढून मलाही दिला नाही. म्हणाली, "अजून माझा हात चालतो." न्हाणीघरात कठडे बसवले. गळ्यात बटण घातलंय, दाबलं की माणसं येतात. पहिल्याच दिवशी तिनं ते भाजी चिरताना दाबलं आणि आलेल्या दोघांना चहा पाजला. लाकडाचा हीटर काढून टाकला, भिंतीवर विजेचा बसवला. आई म्हणते, याला ऊब आहे पण सोबत नाही. का काढला ते मी तिला सांगितलं नाही. लाकडं आता परवडत नाहीत, एवढंच म्हटलं. बघ, मीही शिकले.

बिशप तिच्या मांडीवर असतो. गार सकाळी त्याचा श्वास अजून वाजतो, आणि तो वाजायला लागला की आई बोलता बोलता थांबते, मी भांडी धुता धुता थांबते. मग तो पुन्हा चघळायला लागतो आणि आम्ही दोघी पुढे सुरू होतो. आमच्यात त्या तीन आठवड्यांबद्दल बोलणं झालेलं नाही. एकदा पावाला लोणी लावताना तिनं मला पहिला तुकडा दिला, इतकंच. ते मी घेतलं.

माझी रजा संपली. सहा तारखेपासून मी पुन्हा बोटीवर. आईनं तुला फोनवर येऊन राहायला सांगितलं आणि तू हो म्हणालीस, ते मी ऐकलं. ये. तुझी खोली तिनं लावून ठेवलीय, नवी चादर घातलीय. ती आल्यापासून सात दिवस मी कोचावर झोपतेय, तिला सुचलं नाही, पण असो. तिच्याजवळ बस, तिला डॉक्टरकडे ने, भांडा, पत्ते खेळा. तिनं तुला माफ केलं, तो तिचा आणि तुझा प्रश्न. तिच्या आनंदात मी खडा टाकणार नाही.

बिशपचं औषध महिनाभर चालू आहे. सकाळी आणि संध्याकाळी लेस येऊन देईल, वजनही तोच करेल. मी त्याला शिकवलंय, आता त्याला थेंबाथेंबानं देता येतं. पिंजऱ्याच्या दाराला रात्रीपुरतं एक छोटं कुलूप लावलंय आणि किल्ली लेसकडे आहे, सकाळी तोच उघडेल. आईनं विचारलं तर तिला सांग की तो रात्री बाहेर पडतो म्हणून ग्लेनिसनं लावलं.

खोटं सांगायला तुला जड जाणार नाही.

ग्लेनिस